काचेवरची रेघ

२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप अक्कास, धाकट्याचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. अक्षर इतकं मोठं झालंय की एका पानावर चारच ओळी मावल्या. डोळा एवढा गेला असेल असं वाटलं नव्हतं. बारा मार्चला ऑपरेशन, हे मी कॅलेंडरवर गोल करून ठेवलं आहे. येणार म्हणजे येणार. पण इथे एक अडचण आहे ती आधी सांगतो, नंतर म्हणशील सांगितलं नाहीस.

मुलगा आणि सूनबाई वर्षभरासाठी परदेशी गेले, ते तुला माहीत आहे. जाताना त्याची माशांची टाकी माझ्यावर टाकून गेला. चांगली पेटीएवढी काच आहे. आत समुद्रातले मासे, पाणीही खारं. काचेवर त्याने काळ्या शाईची एक रेघ ओढली आहे. म्हणाला, "बाबा, पाणी या रेघेच्या खाली जाऊ द्यायचं नाही, एवढंच बघा." एवढंच म्हणे. सकाळी पाणी रेघेवर असतं आणि संध्याकाळी करंगळीभर खाली. मला वाटलं टाकी गळते. खाली वर्तमानपत्र पसरून बसलो, तर कागद कोरडा. माशांच्या दुकानदाराला विचारलं, तर तो हसला. "आजोबा, वर दिवे लावलेत ना, पाणी उडून जातं हवेत." त्याला हसायला काय जातंय.

मी जन्मभर काय केलं ते तुला ठाऊक आहे. बॉयलरच्या खोलीत काचेची नळी असायची, तिच्यातलं पाणी खुणेखाली गेलं की बॉयलर फुटलाच. ती नळी बघत बसणं हीच माझी नोकरी. सगळे मला काचबघ्या म्हणायचे. पुढे पाणी आपोआप भरणारं यंत्र आलं आणि काचबघ्या घरी बसला. पण सवय सुटली नाही. पाणी खाली गेलेलं दिसलं की माझ्या छातीत धडधडतं.

म्हणून मी ठरवलं आहे की आपोआप पाणी भरणारं काहीतरी स्वतःच बनवायचं. संडासाच्या टाकीत कसं असतं, पाणी उतरलं की गोळा खाली येतो आणि तोटी उघडते, भरलं की बंद. तसंच करायचं. आठवड्याभराचं काम आहे. मग निर्धास्त निघता येईल.

गॅस खालून बंद करत जा. दाराला आतून कडी लावत जा.

तुझा
धाकटा


९ फेब्रुवारी

धाकट्या,

खुशाल असशील असं लिहिणार नव्हते, कारण तू खुशाल कधीच नसतोस. आशीर्वाद मात्र आहेत.

तुझ्या माशांचं पुराण भिंग धरून दोन बैठकीत वाचलं. माझंही थोडं ऐक. डावा डोळा काचबिंदूने केव्हाच गेला. उरलेल्या उजव्यावर मोतीबिंदू आहे आणि आता ऑपरेशन त्याच्यावर. डॉक्टर पाटीवर लिहून सांगतात, मी बहिरी ना. त्यांनी लिहिलं, "दोन दिवस पट्टी राहील." मी विचारलं, मग तुम्ही मला काय सांगणार आणि कसं सांगणार? त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता तू विचार कर. ऐकू येत नाही, आणि डोळ्यांवर पट्टी. कोण आलं, कोण गेलं, दिवस की रात्र, काही कळणार नाही. ह्यांच्या माघारी मी कोणाला काही मागितलेलं नाही. आता मागते आहे. दोन दिवस माझा हात धरून बस. बोलूही नकोस, नाहीतरी मला ऐकू येणार नाही आणि तुझी किरकिर चुकेल.

शेजारची शिवणवाली म्हणते मी बसते. बाई चांगली आहे. पण तिच्या हाताला सुईची सवय, टोचत राहील.

तुझ्या इमारतीत माणसं राहतात ना? मग एखाद्याच्या हातात किल्ली दे. तांब्याभर पाणी ओतायला काही विद्वान लागत नाही.

अक्का


१६ फेब्रुवारी

अक्कास नमस्कार.

किल्ली द्यायचं तू सहज लिहिलंस. कोणाला देऊ? समोरचा माणूस दिवसभर बाहेर. खालच्या मजल्यावरच्या बाई माझ्यावर आधीच तापलेल्या आहेत. का, ते सांगतो.

संडासाचा गोळा टाकीत मावेना. मग कूलरमध्ये असतो तो लहान फ्लोट आणला. खिळा तापवून बादलीच्या बुडाला भोक पाडलं, दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर, त्यातून बारीक नळी. बादली कपाटावर, नळी खाली टाकीत, तिच्या तोंडाला फ्लोट. पहिल्या दिवशी उत्तम चाललं. पाणी उतरलं की सूंss करून थोडं यायचं आणि थांबायचं. मी खुर्ची टाकून बघत बसलो. जेवणही तिथेच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत पाऊल टाकलं तर पायाखाली पाणी. अख्खी बादली रिकामी, टाकी ओसंडून वाहिलेली. कारण बघ. टाकीत एक गोगलगाय आहे, काच चाटत फिरते. ती जाऊन फ्लोटवर बसली. तिच्या वजनाने फ्लोट वर येईना, म्हणून तोटी बंद होईना. तेवढ्यात दारावर थाप. खालच्या बाई. "आजोबा, आमच्या छतावर जगाचा नकाशा उमटलाय. वर येऊन बघू का कुठला देश बाकी आहे?" मी चार वेळा माफी मागितली. अशा बाईच्या हातात किल्ली देऊ?

आता फ्लोटभोवती चहाची गाळणी तारेने बांधली आहे. गोगलगाय गाळणीवर चढते आणि परत जाते.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मुलगा सांगून गेला होता की वरून साधं, गाळलेलं पाणी घाला. पण मासे समुद्राचे. साधं पाणी घालत राहिलं तर टाकी हळूहळू गोडी होणार नाही का? निघायच्या घाईत सांगायचं विसरला असणार. दुकानदाराकडून समुद्राच्या मिठाची पिशवी आणली. आता बादलीत व्यवस्थित खारं पाणी करून ठेवतो. दुकानदार म्हणाला, "न्या की आजोबा, दोन न्या."

काळजी करू नकोस. मी येतोच. फक्त यंत्रावर भरवसा बसू दे.

धाकटा


२२ फेब्रुवारी

धाकट्या,

गोगलगायीचं वाचून शिवणवाली इतकी हसली की तिचं टाक्याचं माप चुकलं. आता भिंगानेही जमत नाही, तुझं पत्र तीच वाचते आणि मी तिच्या ओठांकडे बघते.

मीठ मात्र घालू नकोस. माझी शाळा तुझ्याइतकीच, पण मी चुलीपाशी बसलेली आहे. पातेल्यातला रस्सा आटला की काय होतं? खारट होतो. का, तर पाणी उडतं आणि मीठ आत राहतं. मग आपण त्यात साधं पाणी घालतो. मिठाचं पाणी घातलं तर तोंडात धरवणार नाही. तुझी टाकी म्हणजे पातेलंच. मुलगा बरोबर सांगून गेला आहे. मुलं कधीकधी बरोबर असतात.

आता दुसरं. मला तुला काहीतरी सांगायचं आहे. खूप वर्षं सांगायचं आहे. समोर बसून जमत नाही, कारण मी तोंड उघडलं की तुझा चेहरा कावराबावरा होतो आणि मग मी दुसरंच काहीतरी बोलते. डोळ्यांवर पट्टी असली की तुझा चेहरा दिसणार नाही. तेव्हा बोलेन. म्हणून म्हणते, तूच हवास. शिवणवाली नको, आणखी कोणी नको.

येणार की नाही, एका शब्दात लिही. एका शब्दात लिहिणं तुला जमत नाही, तरी लिही.

अक्का


१ मार्च

अक्कास नमस्कार.

येणार.

आता बाकीचं. यंत्र चालतंय. मी हात न लावता पाणी रेघेवर राहतंय, सकाळ-संध्याकाळ रेघेवर. कारखान्यात त्या यंत्राने मला घरी बसवलं तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या होत्या, आणि आता तसलंच माझ्या हाताने केलं. शेवटी बादलीवर झाकण ठेवलं, झाकणावर वीट.

दहा तारखेच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट आहे, अकराला सकाळी तुझ्याकडे. मुलाने तिथून काढून पाठवलं. मी त्याला मासे, यंत्र काही बोललो नाही. उगाच त्याला तिकडे घोर.

मिठाचं तू म्हणतेस ते स्वयंपाकात ठीक आहे. मासे म्हणजे रस्सा नव्हे. बॉयलरमध्येही पाण्याला औषध घालावं लागायचं, नुसतं पाणी चालायचं नाही. ह्या कामात मी आयुष्य घालवलं आहे, तू यात पडू नकोस.

पण तुला काय सांगायचं आहे? आजार आहे का काही? डॉक्टरांनी आणखी काही पाटीवर लिहिलं का? की माझं काही चुकलं? मला झोप नाही. पत्रातच लिही ना. दोन ओळी लिही.

धाकटा


५ मार्च

धाकट्या,

पत्रात नाही.

आजार नाही. घाबरू नकोस. घाबरशीलच, पण गाडीत बसून घाबर.

डॉक्टरांच्या पाटीवर यावेळी मीच लिहिलं, "माझा भाऊ बसणार आहे." ते म्हणाले फार उत्तम. शिवणवालीला सांगितलं की मला दवाखान्यात सोड आणि तू तुझ्या मशीनकडे जा, माझा माणूस येतोय. तिला जरा राग आला. येऊ दे.

तुझ्यासाठी पांघरूण काढून उन्हात टाकलं आहे. दवाखान्यातल्या खुर्चीला हात नाहीत, म्हणून एक उशी घेतली आहे तुझ्या पाठीला.

खूप दिवसांनी बरं वाटतंय.

अक्का


१० मार्च

अक्का,

हे जलद टपालाने टाकतोय, उद्या संध्याकाळपर्यंत तुझ्या हातात पडेल. शिवणवालीचा फोन नंबर माझ्याकडे नाही, तू कधी दिलाच नाहीस.

मी निघालो होतो. देवाशपथ निघालो होतो. पिशवी खांद्याला होती, दाराला कुलूप घातलं होतं. जिना उतरल्यावर वाटलं, एकदा रेघ बघून यावी. वर गेलो. पाणी रेघेवरच होतं. पण मासे बरोबर दिसेनात. पिवळा मासा तळाला आडवा, कल्ले भराभर हलतात. निळे दोघे कोपऱ्यात तोंड खुपसून. टाकीच्या कडेला पांढरी खपली धरली आहे, ती मी नखाने काढली.

दुकान गाठलं. दुकानदार नव्हता, कामाला ठेवलेली बाई म्हणाली, "ते उद्या येतील." आता मासे असे सोडून मी गाडीत कसा बसू? बॉयलर खळखळत असताना पाळी सोडून गेलेला माणूस मी पाहिला आहे, त्याचं काय झालं तेही पाहिलं आहे.

मला वाटतं यंत्रातून मिठाचं पाणी कमी पडतंय. आणखी थोडं खारं करून स्वतःच्या हाताने घातलं आहे. दोन दिवसांत सावरतील.

तू डॉक्टरांना सांग आणि ऑपरेशन आठवडाभर पुढे ढकल. डोळा कुठे पळून जात नाही. नाहीच ढकललं तर शिवणवालीला बसव. मी लगोलग येतो. रागावू नकोस.

धाकटा


२४ मार्च

धाकट्या,

हे मी स्वतः लिहिते आहे, भिंगाशिवाय. अक्षर बघ, लहान झालंय. डोळा छान झाला. भिंतीचा पोपडा, शिवणवालीच्या मिशा, सगळं दिसतं.

अकराला सकाळी तू आला नाहीस, आणि दुपारीच मला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. म्हटलं गाडी चुकली, दुसरीने येईल. शिवणवाली थांबते म्हणाली, तिला मीच घालवलं. बाराला मला आत नेलं. बाहेर आणून खाटेवर ठेवलं तेव्हा पट्टी होती. काळं आणि चिडीचूप. विहिरीत ठेवल्यासारखं. मी हात बाहेर काढून ठेवला.

किती वेळ गेला माहीत नाही. मग कोणीतरी हात हातात घेतला. खडबडीत हात, बोटं जाड. मी विचारलं, "आलास का रे?" हात दाबला गेला. मी म्हटलं, "गाडी चुकली होय?" पुन्हा दाबला.

मग मी बोलले. सगळं बोलले, धाकट्या. अगदी पहिल्यापासून. तू लहान होतास तेव्हाचं, आईचं, माझ्या लग्नाचं, आणि तुला कधी कळू दिलं नाही तेही. मध्ये रडले. हाताने माझं कपाळ पुसलं. मनात आलं, याला एवढी माया आहे हे मला कळलंच नव्हतं. मग तुझी क्षमाही मागितली. दुसऱ्या दिवशीही बोलले, राहिलेलं सगळं.

पट्टी काढली. खाटेशेजारी दवाखान्यातली आया उभी होती, फरशी पुसणारी. हाताला फिनेलचा वास. मी तिला म्हटलं, माझा भाऊ कुठे गेला? तिने मान हलवली.

घरी आले तर दारात तुझं जलद टपाल पडलेलं. नव्या डोळ्याने मी पहिलं वाचलं ते हे.

मला जे सांगायचं होतं ते सांगून झालं. ते परत सांगण्याइतकं माझ्यात काही उरलेलं नाही. आता येऊ नकोस. मासे सांभाळ.

अक्का


१ एप्रिल

अक्का,

तुझं पत्र खिशात घालून फिरतोय. चार वेळा लिहायला बसलो आणि फाडलं.

मासे गेले. पिवळा गेला, मग निळे, मग बाकीचे. गोगलगाय तेवढी गाळणीवर चिकटली होती, तीही गळून पडली. पाणी मात्र शेवटपर्यंत रेघेवर होतं. यंत्रात काडीचा दोष निघाला नाही.

रविवारी मुलाचा फोन आला. मी धीर करून सांगितलं.

"मीठ? बाबा, मीठ कशाला घातलंत? पाणी उडतं, मीठ आतच राहतं. मी साधं पाणी सांगितलं होतं."

मी म्हटलं, "तुझी आत्याही तेच म्हणत होती."

"आत्या? मग तुम्ही आत्याकडे जाऊन आलात ना? तिकीट काढलं होतं मी."

मी आत्याचा डोळा छान झाल्याचं सांगायला लागलो. तो म्हणाला, "तुम्ही गेलाच नाहीत? माशांसाठी?" मागून सूनबाईचा आवाज आला, "अहो, जाऊ द्या, त्यांना बोलू नका." पण तो बोललाच. "बाबा, ती टाकी मी विकायलाच काढली होती. तुम्ही एकटे राहणार, तुम्हाला काहीतरी बघायला हवं, म्हणून ठेवली. मासे मेले असते तरी मी एक शब्द बोललो नसतो."

तेव्हापासून मी टाकीसमोर बसत नाही. बसलो तरी बघत नाही.

अक्का, तुझं चुकलं नाही, माझंच चुकलं, हे कितीदा लिहू? पण तू काय सांगितलंस ते मला कळलं पाहिजे. वाईट असलं तरी चालेल. आईचं काय? कळू दिलं नाहीस ते काय? क्षमा तू कशाची मागितलीस, मागायची तर मी. रात्रंदिवस डोक्यात तेच फिरतंय. तू सांगणार नसशील तर मी येतो आणि दवाखान्यात जाऊन त्या आयाला विचारतो. तिच्या पाया पडेन. तिला थोडं तरी आठवत असेल. शनिवारी निघतो.

धाकटा


८ एप्रिल

धाकट्या,

तू शनिवारी निघाला नाहीस, हे मला माहीतच होतं. म्हणून हे पत्र तुला घरीच मिळेल.

तुझं पत्र वाचून मलाच राहवलं नाही. दवाखान्यात गेले. म्हटलं, जे भावाला सांगायचं ते जिला सांगितलं, तिला एकदा नीट बघावं तरी. ती जिन्यावर फडकं पिळत होती. मला बघून हसली. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हटलं, बाई, मी त्या दोन दिवसांत जे बोलले ते कोणाला सांगू नकोस. ती नुसतीच हसत राहिली. मी तिच्या ओठांकडे बघत होते. काहीतरी बोलली, पण एक शब्द लागेना. मला वाटलं, नवा डोळाही गेला की काय.

तेवढ्यात परिचारिका आली. तिने डॉक्टरांची पाटी आणून माझ्यासमोर धरली. लिहिलं होतं, "ती बाहेरच्या मुलखातली आहे. तिला आपली भाषा येत नाही. तुम्ही घाबरलात असं वाटलं म्हणून बसली होती."

तेव्हा आयाला विचारायला येण्याचे श्रम घेऊ नकोस. साठ वर्षं पोटात ठेवलेलं मी दोन दिवस बोलले, आणि ते कोणीही ऐकलेलं नाही. मी बहिरी, तिला भाषा येत नव्हती, आणि तू माशांपाशी.

अक्का